कोरमपुरती खुर्ची

सात वर्षांपूर्वी जून महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी रुग्णालयाचा शिपाई आमच्या घरी दोन जाडजूड फायली ठेवून गेला. त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे तेथे होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीची, मी नुकतीच सदस्य झाले होते आणि माझी पहिली बैठक शनिवारी सकाळी होती. फायलींमध्ये चार प्रस्ताव होते. त्यांची मिळून चारशेहून अधिक पाने होती, सगळी इंग्रजीत. प्रत्येकाच्या शेवटी मराठी माहितीपत्रकाची आणि संमतीपत्राची पाच-सहा पाने जोडलेली होती. मी तेहतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आहे आणि इंग्रजी वाचायला मी बिचकत नाही, तरीही शुक्रवारी रात्री बारा वाजता मी दुसऱ्याच प्रस्तावाच्या तिसाव्या पानावर होते आणि तोवर वाचलेल्यापैकी नेमके काय समजले, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

शनिवारी एका लांबलचक टेबलाभोवती आम्ही नऊ जण बसलो. डॉक्टर मंडळी आपापसांत भराभर बोलत होती, वकीलबाई विम्याच्या कागदांविषयी नेमके प्रश्न विचारत होत्या आणि प्रत्येक प्रस्तावाच्या शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून अत्यंत आदराने म्हणत होते, ‘मॅडम, आपले काही म्हणणे?’ मी चारही वेळा ‘नाही’ म्हणाले. नंतर चहा झाला, मी हजेरीपत्रकावर सही केली आणि घरी आले. कोणी माझा अवमान केला नव्हता, कोणी मला बोलू दिले नाही असेही झाले नव्हते. तरी परतताना मनाला जी टोचणी लागली ती अजून आठवते, कारण त्या चार प्रस्तावांमध्ये मिळून कितीतरी माणसांच्या अंगावर औषधे तपासली जाणार होती आणि त्यांच्या बाजूने बसवलेली मी एक अक्षरही बोलले नव्हते.

मला तेथे का बसवले होते, हे आधी सांगायला हवे. औषधांच्या चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य असावेत, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत आणि त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावा, असे २०१९ सालचे केंद्र सरकारचे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम सांगतात. या सामान्य नागरिकाला समितीच्या भाषेत ‘ले पर्सन’ म्हणतात. बैठकीच्या गणसंख्येसाठी, म्हणजे कोरमसाठी, जे किमान पाच जण लागतात त्यांतही ले पर्सन हवाच. तो नसेल तर बैठकीतला निर्णय ग्राह्य धरला जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही समितीत असा सामान्य नागरिक असावा असे सांगतात. म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी मला न चुकता फोन येतो, ‘मॅडम, उद्या नक्की या, तुमच्याशिवाय कोरम होत नाही.’ कायद्याने मला खुर्ची दिली ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी ती मिळवून दिली त्यांच्याविषयी मला कृतज्ञता वाटते. परंतु त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला बोलता यावे यासाठी काय काय लागते, याचा विचार फारच थोड्या ठिकाणी होतो. सुरुवातीच्या बैठकांत मी कोरमपुरती होते. पुढे जे बदलले ते माझ्या हुशारीमुळे बदलले नाही; दोन-तीन माणसांनी माझ्यासाठी वेळ काढला, म्हणून बदलले.

त्यांपैकी पहिले आमचे तेव्हाचे सदस्य-सचिव. तिसऱ्या की चौथ्या बैठकीनंतर त्यांनी मला थांबवून विचारले, ‘तुम्ही काही बोलत नाही. कागद कळत नाहीत, की पटत नाहीत?’ मी खरे ते सांगितले. त्या दिवसापासून कागद दहा दिवस आधी येऊ लागले, प्रत्येक प्रस्तावावर संशोधकाने स्वतः लिहिलेला एक पानाचा मराठी गोषवारा सक्तीचा झाला आणि बैठकीच्या दोन दिवस आधी औषधशास्त्र विभागातल्या एक तरुण डॉक्टर मला अर्धा तास फोनवर देऊ लागल्या. त्या मला मते शिकवत नसत. ‘हा शब्द म्हणजे काय’, ‘हा तक्ता कसा वाचायचा’, ‘ही तपासणी करताना रुग्णाला प्रत्यक्ष काय करावे लागते’, एवढ्याच प्रश्नांची त्या उत्तरे देत. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा ठरला. कागदावर ‘एण्डोस्कोपी, तीन वेळा’ असे तीन शब्द असतात. घशातून नळी जाते, आदल्या रात्रीपासून उपाशी राहावे लागते, बरोबर कोणीतरी यावे लागते आणि म्हणजे घरातल्या दोन माणसांचा तीन दिवसांचा रोजगार बुडतो, हे त्या शब्दांमध्ये दिसत नाही. ते दिसू लागल्यावर मला बोलण्यासारखे पुष्कळ सापडले.

असा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशात फार जुने नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आताच्या तेलंगणातील, खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस एका अभ्यासाचा भाग म्हणून देण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये हा अभ्यास थांबवला गेला. ते मृत्यू लसीमुळे झाले असे चौकशीत सिद्ध झाले नाही आणि त्या लसीच्या उपयुक्ततेविषयी मला शंका नाही. चौकशीत आणि पुढे २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात उघडे पडले ते संमतीचे वास्तव: खम्मममध्ये कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. हे वाचले तेव्हा मला आमची शाळा आठवली. सहलीचे पत्रक घरी नेऊन वडिलांची सही आणायची असते आणि मागच्या बाकावरची मुले ती मधल्या सुट्टीत तेथेच उरकतात, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचा बाप पंचवीस कोसांवर शेतात असतो, त्याच्या हातात हा कागद कोण नेऊन देणार आणि त्याला तो वाचून कोण दाखवणार? या प्रश्नाला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. शाळा पाहिलेले माणूस लागते, आणि त्या माणसाला तो प्रश्न मोठ्याने विचारण्याचा धीर यावा लागतो.

माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे, मी उशिरा वळले. मराठी माहितीपत्रके मी सुरुवातीला शुद्धलेखन तपासल्यासारखी तपासत असे आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत देत असे. एकदा मधुमेहाच्या एका अभ्यासाच्या पत्रकात पुढील वाक्य आले: ‘आपणांस यादृच्छिकपणे दोन भुजांपैकी एका भुजेमध्ये नियुक्त केले जाईल.’ वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आमच्या इमारतीत तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्या वेळी ओट्यापाशी होत्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे आणि त्यांना स्वतःला साखरेचा त्रास आहे. सदस्य-सचिवांना फोन करून, अभ्यासाचे आणि औषधाचे नाव झाकून ते पान त्यांना वाचून दाखवण्याची परवानगी मी घेतली, कारण हे कागद गोपनीय असतात. मावशींनी हात पुसले, समोर बसल्या, पूर्ण वाक्य ऐकले आणि उजव्या दंडावर हात ठेवून विचारले, ‘म्हणजे सुई कुठल्या हाताला देणार ते ते ठरवणार, असंच ना?’

त्यांची काहीही चूक नव्हती. भुजा म्हणजे हात, हे मीच इतकी वर्षे मुलांना शिकवले आहे. संशोधनात ज्याला गट म्हणायचे, त्याला इंग्रजीत असलेला ‘आर्म’ हा शब्द कोणीतरी कोशात पाहून जसाच्या तसा उतरवला होता. आम्ही दोघींनी मिळून ते वाक्य पुन्हा लिहिले: ‘या अभ्यासात दोन गट आहेत. एका गटाला नवे औषध मिळेल आणि दुसऱ्या गटाला सध्याचे. तुम्ही कोणत्या गटात जाल हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हालाही ठरवता येणार नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते संगणकावर ठरेल. तुम्हाला कोणते औषध चालू आहे हे अभ्यास संपेपर्यंत तुम्हाला किंवा तुमच्या डॉक्टरांना कळणार नाही.’ मावशींनी हे ऐकले, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग रात्री-अपरात्री काही झालं, आणि डॉक्टरलाच माहीत नाही आपण काय खाल्लंय, तर करायचं काय?’

अशा प्रसंगी कोणाला कोणते औषध चालू आहे हे तातडीने उघड करण्याची सोय प्रत्येक नीट आखलेल्या चाचणीत असते आणि या प्रस्तावातही ती होती, इंग्रजी प्रोटोकॉलच्या, म्हणजे अभ्यासाच्या सविस्तर आराखड्याच्या, साठाव्या की सत्तराव्या पानावर. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या पत्रकात मात्र विभागाचा एक लँडलाइन क्रमांक होता, जो संध्याकाळी पाचनंतर कोणी उचलत नाही. मी हा मुद्दा बैठकीत मांडला. पत्रकात रात्रंदिवस चालू राहणारा मोबाइल क्रमांक आला, खिशात ठेवण्याजोगे एक कार्ड आले आणि त्यावर ‘हे कार्ड कोणत्याही दवाखान्यात दाखवा’ असे मोठ्या अक्षरांत छापले गेले. इतिवृत्तात नोंद झाली की ले पर्सन यांनी सूचना केली. ही सूचना माझी नव्हती, हे मी पुढच्या बैठकीत सांगितले आणि तेथूनच आमच्या वाचकगटाची कल्पना निघाली.

आज या गटात सहा जण आहेत. मावशी आहेत, एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयातून बरा झालेला एक तरुण आहे, जवळच्या तालुक्यातली एक आशाताई आहे, लहानपणापासून इन्सुलिन घेणारी एक महाविद्यालयीन मुलगी आहे आणि शहरातला एक रिक्षाचालक आहे. त्यांनी माहितीपत्रके वाचावीत आणि शक्य असेल तेव्हा अभ्यासाची आखणी होत असतानाच आपले म्हणणे सांगावे, अशी अपेक्षा आहे. त्यांना सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. सांभाळणे हा शब्द मी विचार करूनच वापरते, कारण या कामात व्याख्याने देण्याचा भाग अगदी थोडा आहे. बराचसा वेळ फोन करणे, वाचून दाखवणे, वाट पाहणे आणि पैशांचा पाठपुरावा करणे यांत जातो.

पैशांविषयी सविस्तर लिहिते, कारण त्याविषयी बोलायला चांगल्या घरची माणसे संकोचतात आणि त्या संकोचाची किंमत गरिबाला मोजावी लागते. सुरुवातीला रुग्णालयाने उदारपणे ठरवले की बाहेरगावाहून येणाऱ्यांना तिकीट दाखवल्यावर प्रवासखर्च मिळेल. आशाताईच्या गावाहून सकाळी एकच एसटी निघते आणि ती बैठकीच्या वेळेच्या नंतर शहरात पोहोचते, म्हणून ती काळी-पिवळी जीपने तालुक्यापर्यंत येत असे. काळी-पिवळीला तिकीट नसते. तीन बैठकांचा खर्च तिने पदरचा केला आणि कोणाला सांगितले नाही. चौथ्या वेळी ती आलीच नाही. मी फोन केला तेव्हा तिने घरात पाहुणे असल्याचे सांगितले. कारण वेगळे आहे हे तिच्या आवाजावरून कळत होते, आणि मी ते पहिल्याच बैठकीत विचारायला हवे होते. मावशींची अडचण निराळी होती. त्यांना मानधन मंजूर झाले, परंतु लेखा विभागाने पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि एक इंग्रजी फॉर्म मागितला. त्यांच्याकडे पॅन कार्ड नव्हते आणि जनधन खात्याला चेकबुक नव्हते. बैठकीच्या दिवशी तिन्ही घरांच्या कामाचा खाडा होत होता आणि त्याची भरपाई तीन महिन्यांनी कधीतरी होणार होती. आता आम्ही प्रवासाची ठरावीक रक्कम अंतरावरून देतो, तिकीट मागत नाही, आणि मानधन त्याच दिवशी निघताना पाकिटात घालून हातात देतो; पावतीवर सही किंवा अंगठा घेतो. एवढा साधा बदल मंजूर होण्यासाठी अकरा महिने आणि माझी सात पत्रे लागली.

चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला दिलेली रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ तिच्या मोहाने तो धोका पत्करील, हा विचार आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे आणि तो योग्य आहे. परंतु सल्ला द्यायला येणाऱ्या नागरिकाला हे कारण लावता येत नाही. त्याच्यावर औषध तपासायचे नसते. त्याच्या डोक्याचे काम हवे असते, आणि त्याच टेबलाशी बसलेल्या बाकी सर्वांना त्या कामाचे वेतन मिळत असते. ब्रिटनमध्ये संशोधनातल्या लोकसहभागाला पाठबळ देणारी सरकारी खर्चाने चालणारी व्यवस्था १९९६ पासून आहे. तेथे अशा नागरिकांना किती आणि कसे पैसे द्यावेत याच्या लेखी सूचना आहेत आणि त्या रकमेमुळे एखाद्या आजारी माणसाचा सरकारी भत्ता तर बंद होणार नाही ना, इथवर त्यांत काळजी घेतलेली आहे. आपल्याकडे रेशन कार्ड, निराधार योजना आणि उत्पन्नाचे दाखले यांच्या आधारावर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला तरी ऐकायला मिळालेले नाही.

या सगळ्याला खर्च येतो, वेळ लागतो आणि सामान्य माणसाला संशोधनातले कळणार तरी काय, हा आक्षेप मी पुष्कळ ऐकला आहे. त्यावर मी गडचिरोलीचे उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित त्यांचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे त्यातून जगापुढे आले. आयुष्यात कधीही अशी तपासणी न झालेल्या बायका गावातच तपासणीला तयार होतात, तेव्हा त्यामागे त्यांच्याशी आणि त्यांच्या गावाशी आधी झालेले कितीतरी बोलणे असते. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते त्यांचे श्वास मोजण्याचे साधन. बाळाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे त्याच्या श्वासाच्या गतीवरून ओळखता येते: दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, आणि त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक. गावातल्या सुइणींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि इतके आकडे मोजणे त्यांना जमत नव्हते. अशा वेळी सुइणींना बाजूला ठेवून शिकलेली माणसे शोधणे सोपे होते. बंग दांपत्याने त्याऐवजी एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी असे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर तो न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणे प्रत्येकीला येत होते. हे साधन १९९२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून जगासमोर आले.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हे साधन फळ्यावर काढून दाखवले तेव्हा कंडक्टरकाका म्हणाले, ‘आमच्या तिकिटाच्या ट्रेसारखं आहे. बघितलं की कळतं, वाचावं लागत नाही.’ तेव्हापासून संशोधक लांबलचक पत्रक घेऊन आला की काका विचारतात, ‘साहेब, यातले मणी कुठे आहेत?’ आणि आता दोन संशोधक खरोखरच पहिल्या पानावर चित्रे काढून आणू लागले आहेत: किती वेळा यायचे, किती वेळा रक्त द्यायचे, किती चमचे. दहा मिलिलिटर रक्त म्हणजे चहाचे दोन चमचे, एवढे सांगितल्याने किती भीती कमी होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

क्षयातून बऱ्या झालेल्या तरुणाविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागेल. त्याने हे लिहिण्यास होकार दिला आहे. त्याच्या उपचारांच्या काळात अशा क्षयासाठी महिनोन्महिने इंजेक्शने दिली जात आणि त्यांच्यामुळे काही रुग्णांची श्रवणशक्ती कायमची जात असे. त्याच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही. हे आम्हाला तिसऱ्या बैठकीनंतर कळले. तोवर तो टेबलाच्या उजव्या टोकाला बसत होता, सगळी चर्चा त्याच्या डाव्या बाजूने होत होती आणि तो शांत स्वभावाचा असावा असे आम्ही धरून चाललो होतो. आज त्याची जागा ठरलेली आहे आणि बोलणारा त्याच्याकडे तोंड करून बोलतो. याहून अवघड गोष्ट म्हणजे प्रत्येक नव्या संशोधकाला त्याची कहाणी त्याच्याच तोंडून ऐकायची असते. एकदा तो सव्वा तास बोलला. औषधांनी झालेल्या उलट्या, मोडलेले लग्न, गेलेली नोकरी, सगळे सांगितले. संशोधकांनी मनापासून आभार मानले आणि ते पुढच्या बैठकीला निघून गेले. मी एसटी स्टँडवर गेले तेव्हा तो फलाटावर बसून होता आणि त्याच्या दोन गाड्या निघून गेल्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की आजाराची कहाणी सांगायची की नाही हे प्रत्येक वेळी सांगणाऱ्यानेच ठरवायचे, मध्येच थांबायचे झाल्यास कारण द्यायचे नाही, बैठकीनंतर कोणीतरी बरोबर चहाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचा. कहाणीऐवजी त्याचे मत विचारा, असेही मी संशोधकांना सांगते. त्याला गोळ्यांच्या वेळापत्रकाविषयी आणि घरी येणाऱ्या कर्मचाऱ्याने गाडी कुठे उभी करावी म्हणजे शेजाऱ्यांना कळणार नाही याविषयी जे कळते, ते कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये नसते.

आणखी एक गोष्ट अगदी साधी आहे आणि तीच सर्वांत अधिक राहून जाते. माणसाने सूचना केली की तिचे पुढे काय झाले हे त्याला कळवायचे. आमच्या गटाने पहिल्या वर्षात नऊ पत्रके वाचली आणि एकाही संशोधकाने उलट निरोप दिला नाही. कोणाचा हेतू वाईट नव्हता; परवानगी मिळाली, काम सुरू झाले, विसर पडला. रिक्षाचालक एक दिवस मला म्हणाला, ‘बाई, आपण लिहितो ते वाचतं का कोणी?’ यानंतर आम्ही एक तक्ता केला: सूचना, स्वीकारली की नाही, नसल्यास का. संशोधकाला हा तक्ता भरून परत पाठवावा लागतो. नाकारलेल्या सूचनांच्या कारणांनी गटाला जितके शिकवले तितके माझ्या कोणत्याही शिकवणीने शिकवले नसेल. एका अभ्यासात रक्ताच्या तपासण्या कमी करा असे आम्ही सुचवले होते. यकृतावर होणारा परिणाम वेळीच पकडण्यासाठी त्या का आवश्यक आहेत, हे संशोधक डॉक्टरांनी स्वतः येऊन समजावले. गटाने ते मान्य केले आणि हे कारण पत्रकातच लिहा, असे उलट सुचवले.

समितीच्या सदस्यांनी वेळोवेळी प्रशिक्षण घ्यावे अशी नियमांत तरतूद आहे आणि मीही ते घेतले आहे. त्याचा मला लाभ झाला. परंतु इतक्या वर्षांनी एक बदल मला स्वतःत जाणवतो आणि तो मला चिंतेचा वाटतो. परवा एका पत्रकात ‘प्रतिकूल घटना’ हे शब्द आले आणि मी ते वाचून पुढे गेले. औषधाने होणारा त्रास, असा त्यांचा अर्थ मला न अडखळता लागला. पहिल्या वर्षी मी तेथे थांबले असते आणि मावशी तर नक्कीच थांबल्या असत्या. ज्या कानासाठी मला बोलावले होते तो कान आता समितीच्या भाषेला सरावला आहे. म्हणून ले पर्सनची मुदत ठरावीक असावी आणि जुन्याने नव्याच्या शेजारी काही महिने बसून मग बाजूला व्हावे, असे माझे ठाम मत झाले आहे. समितीने ते मान्य केले. माझी जागा आता कंडक्टरकाका घेणार आहेत.

पुढच्या बैठकीची फाइल त्यांना दहा दिवस आधी मिळाली. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मराठी पाने दोनदा वाचून ठेवली होती आणि चार ठिकाणी कागदाच्या पट्ट्या घातल्या होत्या. पहिली पट्टी तपासणीच्या वेळापत्रकावर होती. सहभागी रुग्णांनी सहा महिने दर सोमवारी सकाळी नऊ वाजता उपाशीपोटी यावे, असे तेथे लिहिले होते. काकांनी चष्मा लावला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘बाई, यातले निम्मे पेशंट आपल्या पूर्वेकडच्या गावांतले असणार. सोमवारी तिकडचा आठवडी बाजार असतो. पहिल्या गाडीत उभं राहायलासुद्धा जागा नसते, मी वीस वर्षं त्या रूटवर होतो. उपाशी, आजारी माणूस त्या गाडीतून कसा येणार? मंगळवार केला तर चालणार नाही का?’